कानामागचं दूध

समोर बाळाला भरवायला घेतलं की त्या बाई आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना गारठा बाधत असावा. पण महिना वैशाखाचा होता आणि बारामतीतल्या औषधाच्या दुकानावरची ती एवढीशी खोली तापून निघाली होती. मग कळलं, स्वतःचे हात आवरायची ती त्यांची तऱ्हा होती.

"हात मोकळं असलं की बाळाकडं जात्यात," त्या म्हणायच्या. "आन् हात गेलं की डोळं बघायचं इसरत्यात. आधी बघू द्या."

'आधी बघू द्या' हे त्यांचं पालुपद. तुम्ही कधी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या असतील तर तुम्हालाही ठाऊक असेल, तिथं लिहिणारी माणसं भेटतात, सांगणारी भेटतात, पण बघणारं माणूस सापडायला नशीब लागतं. आम्हाला सापडलं ते चौथ्या खेपेला.

मी अंथुर्ण्यात अंगणवाडी सेविका आहे. गावची पोरं लटकत्या काट्यात घालून वजन करण्यात माझी हयात गेली. कुणाचं पोर तक्त्यातल्या लाल पट्ट्यात उतरलं की मी त्याच्या आईला सगळ्यांदेखत झापायची. जीभ तिखट आहे माझी, लपवत नाही. आणि मग माझीच नात लाल पट्ट्यात आली.

ईश्वरी, माझ्या अमोलची पहिली मुलगी. जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, डाउन सिंड्रोम आहे, अंग सैल आहे आणि हृदयाला छिद्र आहे. ऑपरेशन पुण्याला व्हायचं होतं, पण तिथल्या सर्जननी दोन अटी घातल्या. वजन पाच किलो हवं आणि छाती स्वच्छ हवी. फार उशीर झाला तर फुप्फुसं बिघडतील आणि मग ऑपरेशनचा उपयोग राहणार नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं. तीन महिन्यांची झाली तरी ईश्वरी साडेतीन किलोच्या पुढे सरकेना. दूध ओढताना दमायची, ओठ निळसर व्हायचे, आणि दर पंधरा-वीस दिवसांनी छाती भरून यायची. अमोल गावच्या दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. रोज कॅनच्या कॅन दूध मोजून घ्यायचा आणि घरी आला की पहिलं विचारायचा, "किती चमचं गेलं?"

बाळाला गिळायला शिकवणारं माणूस असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, असे थेरपिस्ट असतात, शोधा. पहिल्यांनी तिच्या गालावर थरथरणारा ब्रश फिरवला आणि व्यायामांचा रंगीत कागद दिला. ती दूध पिताना कशी दिसते ते पाहिलंच नाही. दुसरे बोलायला शिकवणारे निघाले. म्हणाले, बोलायच्या वयाची झाली की आणा. तिसऱ्यांनी फाईल चाळली आणि सांगितलं, कायम नळीनंच पाजा, तोंडाच्या नादी लागू नका. त्यांचा जिना उतरताना माझी सून पूनम म्हणाली, "आत्या, हिच्या तोंडाकडं कुणी बघतच न्हाय."

मग कुणीतरी या बाईंचा पत्ता दिला. बारामतीत त्यांना 'गिळायच्या बाई' म्हणत. माहेर कळंबचं, शिक्षण पुण्यात. डॉक्टरांशी फोनवर पुस्तकी मराठी बोलायच्या आणि फोन ठेवला की आमच्याशी कळंबची. वय चाळिशीचं, अंगानं भरलेल्या, गळ्यात कायम आला, म्हणजे डॉक्टरांचा स्टेथोस्कोप. आम्ही जिना चढून गेलो तेव्हा त्या उभ्याउभ्या वडापाव खात होत्या. दोन घासांत संपवला, नीट चावलासुद्धा नाही. गावभर गिळायला शिकवणारी बाई अशी खाते, हे बघून माझा विश्वासच उडाला.

पूनमनं बाटली ईश्वरीच्या तोंडाला लावली. बाईंनी हात मांडीखाली घातले आणि बघत बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाळाला हात नाही, एक शब्द नाही. एसटीनं उन्हातान्हात आलो ते हिला बघत बसायला काय, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. शेवटी त्या उठल्या, आला छातीला न लावता ईश्वरीच्या गळ्याला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"पिताना कधी खोकत न्हाय का ही?"

"न्हाय," मी म्हणाले. "लई गुणाची हाय. कधी ठसका सुदीक लागत न्हाय."

"त्येच मला आवडलं न्हाय," बाई म्हणाल्या.

त्यांना गळ्यात ओला आवाज ऐकू आला होता. "पण माझ्या कानावर इसंबू नका. पुण्याला गिळतानाचा एक्स-रे काढत्यात, त्यो काढून आणा." आम्ही काढून आणला. ईश्वरी आडवी असली आणि दूध भराभर आलं की त्यातलं थोडं श्वासनळीत उतरत होतं, अगदी गुपचूप. तिला ठसका लागतच नव्हता. ताठ बसवून चमच्यानं थोडंथोडं दिलं तर मात्र नीट पोटात जात होतं. बाई हरखल्या. म्हणाल्या, म्हणजे तोंड बंद करायचं कारण नाही. बरंचसं दूध नाकातून पोटात घातलेल्या नळीतून द्यायचं, आणि दिवसातून चार वेळा तोंडानं. ताठ बसवून दहा चमचे, दर तीन चमच्यांनी थांबायचं.

"दहा चमचं?" मी म्हणाले. "एवढ्यानं काय हुतंय? मी नरसिंहपूरला नवस बोललेय हिच्या वजनाचा."

"नवस असू द्या की मावशी. पण ताठ बसवा."

आता माझी गोष्ट सांगते. सांगायची लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय या बाई तुम्हाला कळायच्या नाहीत.

आमच्याकडे बोंडल्यानं दूध पाजायची रीत आहे. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. पाय पसरून बसायचं, पायांवर बाळाला उताणं घालायचं आणि चोचीनं दुधाची धार तोंडात सोडायची. अमोल त्याच्यावर वाढला, माझ्या दीर-नणंदांची पोरं वाढली, शेजारणीही आपली पोरं माझ्या पायावर आणून टाकायच्या. माझ्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत आणि मलाही तसंच वाटे. इकडे नळी आणि दहा-दहा चमच्यांवर पंधरवडा गेला, वजन जेमतेम शंभर ग्रॅम वाढलं. दर सोमवारी अंगणवाडीच्या काट्यात तिला घालायची आणि आकडा दोन-दोनदा वाचायची. दुपारी पूनमचा डोळा लागला की मी ईश्वरीला पायावर घेऊ लागले. एक बोंडलं, मग दोन. ती गुणी पोर, सगळं प्यायची.

आठव्या दिवशी तिची छाती घरघरायला लागली.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि बाईंकडं जायला सांगितलं. अमोल रजा काढून आला होता. ऑपरेशन लांबणार या धास्तीनं त्याचा आवाज चढला. "तुमी सांगितलं तसंच करतोय आमी! मग छाती भरतीय कशी?" पूनम रडत होती. मी ईश्वरीच्या टोपडं बांधलेल्या डोक्याकडं बघत होते.

बाई म्हणाल्या, "आधी बघू द्या."

त्यांनी टोपडं सोडलं. ईश्वरीची मान हळूच वळवली, कानामागं बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मग दुसऱ्या कानामागं. त्यांनी मान वर केली नाही. अमोलला म्हणाल्या, "दादा, खाली दुकानात नवा चमचा मिळतोय का बघा. ताईंना बी घिऊन जा, जरा वारं लागू द्या त्यास्नी."

दार लोटलं गेलं. खोलीत मी, बाई आणि पोर.

"मावशी, बसून पाजलेलं दूध सांडलं तर हनुवटीवर येतंय," त्या म्हणाल्या. "कानामागं येत न्हाय."

बोंडलं घरी ठेवलं तर पूनमला सापडेल म्हणून मी ते रुमालात गुंडाळून पिशवीत आणलं होतं. बाईंनी नुसता हात पुढं केला. मी काढून दिलं. रागावतील, ओरडतील, मी बायकांना झापते तसं झापतील, असं वाटत होतं. त्यांनी बोंडल्यात पिण्याचं पाणी ओतलं.

"आडव्या व्हा."

"मी?"

"तुमी. उताण्या. त्वांड उघडा."

सतरंजीवर मी आडवी झाले. पन्नाशी उलटलेली बाई, गावाला शिकवणारी, तोंड वासून पडले. वरून धार आली. दोन घोट गेले, तिसऱ्याला श्वास घ्यायला सवडच मिळाली नाही. असा ठसका लागला की उठून बसले तरी थांबेना, नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

बाईंनी पाठीवर हात फिरवला. खोकला थांबेपर्यंत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठसका लागला म्हणून तुमच्या छातीतलं भाईर आलं. हिला लागत न्हाय."

मी पदर तोंडात कोंबून रडले. बाईंनी मला धीर दिला नाही. चूक नाही असंही म्हणाल्या नाहीत. बोंडलं पुसून माझ्या हातात परत दिलं, आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना मला सांगावं लागंल, औषध त्याच्यावर ठरतंय. घरात काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा. पण आजपासनं चमचा तुमीच धरायचा."

"मी? एवढं केल्यावर?"

"ताईंचा हात कापतोय. दादांना घाई हाय. तुमचा हात हालत न्हाय. त्याला फकस्त थांबायला शिकवायचं." जरा थांबून म्हणाल्या, "आन् एकदा चुकताना घावलेलं माणूस लई जपून ऱ्हातंय, मावशी."

परतीच्या एसटीत भवानीनगर मागं पडल्यावर मी पूनमला सांगितलं. तिनं माझ्या मांडीवरून ईश्वरीला उचललं आणि खिडकीकडं तोंड करून बसली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वतः भरवायची, हात कापायचा, अर्धा चमचा सांडायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लेकीला माझ्या मांडीवर ताठ बसवलं, चमचा हातात दिला आणि समोरच बसून राहिली. मी तीन चमचे दिले आणि थांबले. ईश्वरीनं गिळलं, श्वास घेतला. पूनमनं डोळे पुसले.

बाईंनी त्यांचा जुना आला मला देऊन टाकला. कसं ऐकायचं ते शिकवताना आधी त्यांनी तो स्वतःच्या गळ्याला लावला आणि पाणी प्यायल्या. 'गट्' असा आवाज, आणि मागून स्वच्छ श्वास. "ह्यो श्वास ऐकल्याबिगर फुडचा चमचा न्हाय." गावात बोभाटा झाला की सेविकाबाईंकडं डॉक्टरचा आला आलाय. दोन म्हाताऱ्या बीपी तपासायला येऊन बसल्या. त्यांना घालवताना नाकी नऊ आले.

दहाचे बारा चमचे झाले, बाराचे वीस. छाती एक महिना स्वच्छ, मग दुसराही. पुढचा एक्स-रे चांगला आला आणि नाकातली नळी निघाली. पण हृदय दमत चाललं होतं. ती झोपली की मी तिच्या बरगड्यांकडं बघत बसायची, श्वास वाढलाय की मलाच तसं वाटतंय ते कळायचं नाही. सर्जनकडं जायच्या आधी बाईंच्या काट्यावर ठेवली तर चार किलो नऊशे ऐंशी.

"पाच धरा की," मी म्हणाले.

"काट्याला शिकवू नका मावशी. चार दिवसांनी या."

ते चार दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. पाचव्या दिवशी काटा पाच किलो साठ ग्रॅमवर थांबला. बाईंनी आकडा मोठ्यांदा वाचला आणि एकदम खिडकीकडं वळल्या.

ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. हृदयाचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "नळ्या काढल्यावर पयलं गिळणं कुणी ऐकलं?"

"मीच," म्हटलं. "गट् आलं. मागनं श्वास बी आला."

मग म्हणाल्या, "बरं. जेवून घ्या तुमी."

पुढं वर्षभरात त्यांच्या मिस्टरांची बदली झाली आणि त्या कोल्हापूरकडं गेल्या. आता त्या खोलीत मोबाइल दुरुस्त करतात. आला परत करायचं निमित्त काढून मी फोन करते, पण त्या बहुतेक वेळा उचलत नाहीत. मी रुसत नाही. हात मांडीखाली असणार.

ईश्वरी चार वर्षांची आहे. माझ्याच अंगणवाडीत येते. दुपारी खिचडी वाटून झाली की माझ्यासमोर फतकल मारून बसते आणि मला भरवते. तिला त्या बाई आठवायचं कारणच नाही. पण पहिला घास माझ्या तोंडात घातला की दुसरा बोटांत धरून ती थांबते आणि माझ्या गळ्याकडं टक लावून बघत राहते. गळा हलल्याशिवाय दुसरा घास देत नाही.

मी मुद्दाम गिळायला वेळ लावते. ती थांबते.