बांगडीत न मावलेला सूर्य

जळगाव जामोदच्या उन्हाला सगळेच भितात, पण खुद्द सूर्याला भिणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा. सूर्य फुगत चाललाय आणि एक दिवस मामींना भाजून काढणार, अशी त्यांची खात्री. मामी वाळवण घालायला अंगणात निघाल्या की हे छत्री घेऊन मागे. छत्री मामींवर, उन्हात स्वतःचं टक्कल! वर म्हणायचे, "हिले काही झालं त मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?" मूलबाळ नसलेल्या त्या घरात दोघंच, त्यामुळे हसावं की गप्प बसावं, कळत नसे.

त्यांची वेधशाळा म्हणजे धान्याचं रिकामं गोदाम. उंच पत्र्याला एक बारीक भोक. त्यातून भर दुपारी गोल कवडसा जमिनीवर पडे. "हा सूर्याचा फोटोच समजा," ते सांगत. मापायला पट्टी चालत नसे, कारण "गोल चीज गोलानंच मापा लागते." म्हणून मामींच्या हातातली एक बांगडी उतरवून कवडशावर ठेवायची. पौषात सूर्य किंचित मोठा दिसतो, आषाढात किंचित लहान, हे त्यांना ठाऊक. म्हणून चैत्राची गाठ ते चैत्राशीच घालत. इतका काटेकोर माणूस!

यंदा चैत्रात त्यांचा फोन आला. "जवाईबापू, मांगच्या साली बांगडीत बरोबर मावे. आज चहूकडून बाहेर सांडून राह्यला!" मी हसत हसत गेलो, तर खरंच तसं. उजेडाची कड सगळीकडून बांगडीबाहेर. मीही वाकून बांगडी सरकवून पुन्हा नीट ठेवून पाहिली. तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "अहो, जवाईबापूले काऊन भेवाडता? बांगडी दुसरी हाय. अडीचच्या मापाच्या हातातून गळून पडत होत्या, म्हून संक्रांतीले सव्वादोनच्या भरल्या."

मला हसू फुटलं. मामा हसले नाहीत. त्यांनी मामींचं मनगट हातात घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. रोज छत्री धरली, तरी छत्रीखालची बाई वाळत गेलेली त्यांना दिसली नव्हती.

सध्या अकोल्याला तपासण्या चालू आहेत. डॉक्टर काही बोलत नाहीत, आणि खरं सांगतो, त्या न बोलण्याचीच मला भीती वाटते. परवा दवाखान्याच्या बाकावर मामा शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "सूर्यच वाढला असता त परवडलं असतं, जवाईबापू." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आतून मामींचं नाव पुकारलं, आणि मामींच्या आधी तेच उठून उभे राहिले.