केळीचा चीक

आज ट्रंकेतून जुनी आकाशी साडी काढली. निऱ्यांवरचे चहाच्या रंगाचे ठिपके अजून तसेच आहेत. त्यांवरून बोट फिरवलं आणि केळीच्या बागेतला ओला गारवा अंगावर आला.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. धुळ्याच्या देवपुरातून मी रावेरकडच्या एका गावात नवी शिक्षिका म्हणून गेले होते. सातवीच्या वर्गात पुस्तकातून ‘खोड’ शिकवत होते आणि मुलं पेंगत होती. माझा राग निघाला सुमित्रावर. तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर काळपट डाग होते.

“शाळेत धुतलेले कपडे घालून यावं,” मी म्हणाले.

ती खाली बघत म्हणाली, “बाई, हा मय नही, केयीचा चीक हाये. धुतल्यानं जात नही.”

वर्गातल्या दहा-बारा जणांनी आपापले डाग हळूच हातांनी झाकले.

मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना घेऊन शाळेमागच्या तिच्या बागेत गेले. सुमित्राने घड उतरवलेली एक केळ विळ्याने आडवी कापली. “हे खोड नही, बाई. पानंच हायेत, एकात एक. खोड मातीत ऱ्हातं.” पेंगणारी मुलं एकदम बोलू लागली. त्या हिरव्या उजेडात मी ऐकत राहिले. साडीवर चीक कधी उडाला, कळलंच नाही.

तेव्हा वाटलं होतं, आज आपण छान शिकवलं. आता आठवतं, त्या तासाला मी काहीच शिकवलं नव्हतं.

एवढं मात्र केलं. दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून वर्गात गेले.