देणाऱ्याचं नाव

गावाहून निघताना माझ्या बायकोच्या, सुमनच्या पिशवीत देवळांची यादी होती आणि माझ्या खिशात एक पत्ता. यादी तिनं महिनाभर शेजारीपाजारी विचारून केली होती. पत्ता बारा वर्षांपूर्वीच्या एका व्हॉलीबॉल स्पर्धेच्या अर्जावरून मी उतरवून ठेवला होता: सेतुमाधव राव, कुंभकोणम. सारा जन्म पोस्टात गेल्यामुळे माझा पोस्टकार्डावर फार विश्वास. कार्ड टाकलं, खाली फोन नंबर लिहिला, आणि आठ दिवसांत फोन आला. "अवश्य यावें. पोंगल झाल्यावर आमचे एथें सामने आहेत, तेव्हांच यावें." बायकोला मी एवढंच सांगितलं की जुन्या ओळखीचा खेळाडू आहे. ते अर्धंच खरं होतं.

कराडला गाडीत बसलो आणि उरलेलं अर्धं डोक्यातून जाईना. नोकरी पोस्टात केली तरी गावात मला ओळखतात ते माइकवाला म्हणून. जत्रेतल्या सामन्यांचं समालोचन वर्षानुवर्षं माझ्याकडेच. त्या वर्षी बंगळुरूच्या एका कारखान्याचा संघ आला होता. त्यांचा सात नंबर उंच, काळाभोर, आणि उडी तर अशी की जाळीच्या वर कोपरापर्यंत हात. आमची पोरं हरत होती, उजेड उतरत होता, आणि माझी जीभ सैल सुटली. "दिवे लावा रे लवकर, सात नंबर दिसेनासा झालाय, नुसते दात दिसतायत!" मैदान खदखदून हसलं. मग त्याच्या प्रत्येक सर्व्हिसला लोक ओरडू लागले. काळ्या, मद्राशा, आणि पुढचं मी लिहीत नाही. मला वाटत होतं, त्याला कुठे कळतंय. सामना संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला, माठातलं पाणी प्यायला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "पाणी गोड आहे तुमचें. येतों."

या प्रवासाला मी त्याची माफी मागायला निघालो होतो, आणि ते बायकोलाही सांगायची लाज वाटत होती.

बंगळुरूला गाडी बदलली आणि सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर सगळा भाताचा मुलूख. कापणी झालेली शेतं, मध्येच पाण्यानं भरलेली, बगळ्यांनी पांढरी झालेली, आणि दर थोड्या वेळानं एक पूल. कावेरी इथे एक नदी नाहीच. ती कालव्याकालव्यांनी घराघरापर्यंत गेलेली आहे. सुमन माहेरची दुष्काळी भागातली, ती खिडकीला नाक लावून पाणी मोजत होती आणि तिसऱ्या पुलानंतर तिनं मोजणं सोडून दिलं.

स्टेशनवर सेतुमाधव राव स्वतः आले होते. कानापाशी केस पिकलेले, आता शाळेत गणित शिकवतात. मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. "प्रवास नीट झाला न?" म्हणून त्यांनी सुमनच्या हातातली पिशवी घेतली. रिक्षावाल्याशी तमिळ, आमच्याशी मराठी, आणि दोन्हींत एकदाही अडखळणं नाही. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांची बायको कमलाबाई दारातच म्हणाली, "या, या. पाय धुवा, आधीं कापी घ्या." पितळेच्या वाटीपेल्यात ती कॉफी आली आणि मी जन्मभर चहा पिऊन काय मिळवलं असा विचार मनात आला. इडलीबरोबर कडप्पा (मूगडाळ-बटाट्याचा फिका, वासाचा रस्सा) होता आणि जेवणात चक्क उडदाच्या पिठाचं डांगर. "अगंबाई, हे आमच्याकडेपण करतात!" सुमन ओरडली. कमलाबाई म्हणाली, "तुमचेकडे कोठून आलें?" आणि दोघी हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी यादीप्रमाणे देवळं सुरू झाली. शारंगपाणीच्या गोपुराखाली उभा राहून मी मान मागे टाकली ती टोपी पडेपर्यंत. मजल्यावर मजला, आणि प्रत्येक मजल्यावर माणसं, प्राणी, देव, कोण कुणाच्या खांद्यावर हे शोधता शोधता डोळ्यांना पाणी आलं. तिरुवलंचुळीला पांढरा विनायक पाहिला. हाताएवढा असेल, समुद्राच्या फेसाचा आहे म्हणतात. त्याला अभिषेक नाही, नुसती कापराची पूड वरून टाकतात. गणपतीसमोर मी इतका गप्प कधी उभा राहिलो नव्हतो. बाहेर आलो तर एका माकडानं सुमनच्या हातातली प्रसादाची पिशवी ओढली. फुलवाली "कुरंगु! कुरंगु!" (माकड) करून काठी आपटत धावली. पिशवी गेलीच, पण माझ्या तमिळ शब्दांत एकाची भर पडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सामने होते. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या पुढे, रेल्वेच्या रुळांलगत, कापलेल्या शेतात मैदान आखलेलं. झावळ्यांचा मांडव, टेबल, आणि टेबलावर माइक. माइकशी बसले सेतुमाधव राव.

इथली एक रीत मला फार आवडली. सामन्यांना ज्यानं जे दिलं, ते लाउडस्पीकरवरून सांगायचं, आणि नुसतं नाव नाही. कुणाचा मुलगा, कुठल्या गल्लीतला, काय दिलं, कुणासाठी दिलं, सगळं एका संथ चालीत, दोनदोनदा. शेवटी शब्द यायचा, अन्बळिप्पु (भेट). मग देणाऱ्यानं पुढे यायचं, आपल्या हातानं वस्तू द्यायची आणि मानाची शाल घ्यायची. नारळ देणाऱ्यालाही शाल, जाळी देणाऱ्यालाही शाल. पहिल्या बक्षिसाची कमरेएवढी पितळी समई भाताच्या गिरणीवाल्यांची होती. ते पहिल्या रांगेत शाल पांघरूनच बसले होते. कमलाबाई आमच्यामध्ये बसून सगळं मराठीत सांगत होती.

चौथा सामना एका कॉलेजच्या संघाचा. त्यात जोसेफ नावाचा युगांडाचा मुलगा, शिकायला आलेला. तो उडाला आणि मला आमच्या मैदानावरचा सात नंबर आठवला. तो सर्व्हिसला आला तेव्हा पहिल्या रांगेतून मोठा आवाज आला. "कुरंगु!" मागे काही जण हसले. कुणीतरी तसा आवाज काढला. हा शब्द मला कालच कळला होता. गिरणीवाले शाल सावरत हसत होते.

सेतुमाधव रावांनी हात वर केला. पंचांनी शिट्टी फुंकली. जोसेफ चेंडू छातीशी धरून उभा. मग माइकवरून तीच संथ चाल आली, तोच आदर, एकही स्वर वर न जाता. कमलाबाई सांगू लागली. "म्हणतात... आपले पाहुणे खेळाडू जोसेफ यांस आत्तां एक शब्द भेट मिळाला आहे. शब्द, कुरंगु. देणार..." आणि गिरणीवाल्यांचं पूर्ण नाव आलं, वडिलांचं नाव आलं, गल्ली आली. नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या गावचं आहे. दोनदा सांगून शेवटी, "अन्बळिप्पु." आणि मग, "देणारांनी कृपा करून पुढें यावें, आपले हातें द्यावें, आणि शाल घ्यावी."

घडी केलेली शाल हातांवर घेऊन राव उभे राहिले.

मालगाडी गेली, तेवढाच आवाज. समितीचे अध्यक्ष वाकून रावांच्या कानात काकुळतीनं काही सांगत होते. समई जाईल, पुढच्या वर्षी सामने होणार नाहीत, असं असावं. राव हलले नाहीत. गिरणीवाले उठले. अंगावरची शाल खुर्चीवर टाकली, ड्रायव्हरला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ती समई उचलून गाडीत घातली. गाडी बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत सगळे बघत होते.

राव पुन्हा माइकवर बसले. "पहिल्या बक्षिसाची जागा रिकामी आहे," ते म्हणाले. मांडवाच्या कोपऱ्यात विड्याची पानं विकणारी एक म्हातारी होती. तिनं ओल्या फडक्यात बांधलेली पानांची थप्पी टेबलावर आणून ठेवली. तिचं नाव, बापाचं नाव, गल्ली, सगळं त्याच चालीत दोनदा जाहीर झालं. त्या शेतात जी टाळी वाजली तिनं माझे डोळे भरून आले, आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. जोसेफचा संघ शेवटी हरला. पानं दुसऱ्यांनीच नेली.

सामना सुटल्यावर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत जोसेफला विचारलं, तुला कसं वाटलं? तो बुटाची नाडी सोडत होता. म्हणाला, "असं झालं की सगळे माझ्याकडे बघतात. रडतो का, चिडतो का. आज पहिल्यांदा सगळे त्याच्याकडे बघत होते."

रुळांकाठच्या टपरीवर मग मी सेतुमाधव रावांना गाठलं. सुमन आणि कमलाबाई शेजारीच होत्या, पण आता थांबवत नव्हतं. "राव, तुमच्या वेळी माइकवर मी होतो," मी म्हणालो. "ते वाक्य माझं होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पोस्टकार्डावर नांव पाहतांच ओळखलों."

"तरी बोलावलंत?"

त्यांनी कॉफी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतली. "माने राव, मी लहानपणापासून मराठी घरांतच ऐकली. आई, आजी, आत्या. तुमचे गांवीं आलों तर हजार माणसें आमचे घरची भाषा बोलत होतीं! पाणीवाला बोलतो, पंच बोलतो. सामना सुरू होऊन इतका वेळ झाला तरी माझें मन खेळांत नव्हतें, कान तिकडेच. इतका आनंद होत होता. तेवढ्यांत तें वाक्य आलें." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी आईस कधीं सांगितलें नाहीं. तिनें विचारलें, तेथले लोक आपल्यासारखेच बोलतात का? मी म्हटलें, होय."

सुमन माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या त्या बघण्याला मी तिथल्या तिथे बुजलो. शेवटी मी म्हणालो, "मला माफ करा. अजून माणसं आहेत तोवर माइक द्या, मी सगळ्यांसमोर सांगतो."

"माफ तर केलें," राव म्हणाले. "परंतु एथें तुम्हांस कोण ओळखतें? एथें सांगणें सोपें आहे. जेथें दिलें, तेथें सांगा."

परतीच्या प्रवासात बंगळुरू मागे पडलं. सुमन एकदम म्हणाली, "मी त्या दिवशी हसले होते हो. सगळे हसले म्हणून." दोघांनी मग कमलाबाईनं दिलेला डबा उघडला आणि जेवलो. घरी आल्यावर लोकांनी गोपुरं विचारली, कॉफी विचारली, मी तासन्‌तास सांगितलं. त्या मैदानाचं मात्र कुणाला सांगितलं नाही. जत्रा तीन महिन्यांवर होती, आणि त्यातला एकेक दिवस मला जड गेला.

चैत्रात मांडव पडला. सुमन एरवी सामने बघायला फारशी येत नाही, या वेळी पहिल्या रांगेत येऊन बसली. मी माइक हातात घेतला आणि यंदा प्रथमच देणाऱ्यांची नावं कुंभकोणमच्या रीतीनं वाचली, वडिलांच्या नावासकट, आळीसकट, दोनदोनदा. लोकांना गंमत वाटली. सगळी नावं संपली.

"एक भेट जाहीर करायची राहिली आहे," मी म्हणालो. "बारा वर्षांपूर्वी याच मैदानावर पाहुण्या संघाच्या सात नंबरला, सेतुमाधव रावांना, एक वाक्य देण्यात आलं होतं." आणि ते वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं. मागे कुणीतरी सवयीनं हसलं आणि मध्येच थांबलं. त्या दिवशीचे कितीतरी चेहरे समोर होते. सुमन मान खाली न घालता बसली होती.

"देणाऱ्याचं नाव, दत्तात्रय ज्ञानू माने," मी सांगितलं, आणि रीतीप्रमाणे पुन्हा एकदा सांगितलं. "दत्तात्रय ज्ञानू माने. राहणार इथलाच."