दुसरी डिस्क

आण्णासाहेब मगदूमांनी ठरवून टाकलं होतं. सिनेमांच्या डिस्का, त्या लावायचं यंत्र, वायरी, रिमोट, सगळं एका खोक्यात भरून भाच्याला देऊन टाकायचं. काचबिंदूनं डावा डोळा आधीच नेला होता, दिवाळीनंतर उजवाही गेला. आता पश्चिमेच्या खिडकीत उजेड आहे की नाही, एवढंच त्यांना कळायचं. गेलेली नजर परत यायची नाही असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा जिना उतरता उतरता ते म्हणाले, "मला काही वाटत नाही." पुढं घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, इतक्या सरळ आवाजात की येणारा चहा पिऊन निश्चिंत मनानं निघून जायचा.

निपाणीच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. गल्लीतला पहिला व्हीसीआर त्यांच्याकडं आला, तेव्हा रविवारी दुपारी बाहेरच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नसायची. तंबाखूच्या वखारीतली माणसं अंगाचा वास घेऊनच यायची. इंग्रजी सिनेमा असला की आण्णासाहेब टीव्हीशेजारी उभे राहून सांगायचे, आधी मराठीत, मग मागं बसलेल्या चिकोडीकडच्या पाहुण्यांसाठी कन्नडमध्ये. सगळ्यांत जास्त वेळा लागला तो परग्रहावरच्या एका राखणदाराचा सिनेमा. बर्फाखालचं पाणी उपसणारा पंप आणि त्यावर नेमलेला एकटा माणूस. बाकीचे सगळे पृथ्वीवर परतलेले. सिनेमाभर त्या माणसाचाच आवाज मागून बोलत असतो. शेवटी तो म्हणतो, मी माझ्या मर्जीनं राहिलो, मला काही वाटत नाही. आण्णासाहेब ते वाक्य दोन्ही भाषांत असं म्हणायचे की सोप्यात चिडीचूप व्हायचं.

त्यांची बायको राजमती तेव्हा आत असायची. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं व्हायला हवीत, म्हणजे दुपारपासून चुलीपुढं. तो सिनेमा तिनं भिंतीपलीकडून नवऱ्याच्या आवाजात ऐकला होता, तेवढाच.

भाचा अभिनंदन शनिवारी बेळगावहून खोकं न्यायला आला. येताना एक नवं पाकीटही घेऊन आला.

"मामा, तुम्ही डोळे जायच्या आधी मागवायला सांगितलेला तो राखणदाराचा सिनेमा आला. दोन डिस्का आहेत. एक थिएटरात लागलेला, एक डायरेक्टर्स कट."

"म्हंजे काय रं?" राजमतीनं विचारलं.

"कंपनीनं कापाकापी करायच्या आधीचा, मामी. दिग्दर्शकाला पाहिजे होता तसा."

"मग आपण इतकी वर्षं त्याला नको होता तसा बघितला म्हण की."

आण्णासाहेब म्हणाले, "दोन्ही ऐकतो. काय फरक आहे ते बघू. मग खोकं बांध."

पहिली, थिएटरातली डिस्क त्याच संध्याकाळी लागली. जेवणं उरकून राजमतीही दाराशी येऊन बसली. आण्णासाहेब त्या सिनेमातून आपल्या घरातून चालावं तसे चालत गेले. कुठं अडखळणं नाही, कुठं आपटणं नाही. राखणदाराचं वाक्य यायच्या आधी त्यांच्या ओठांवर असायचं.

"मामा, तुम्हाला डोळ्यांची गरजच काय?" अभिनंदन म्हणाला. आण्णासाहेबांना ते आवडलं.

रविवारी दुपारी दुसरी लागली. पंपाचा आवाज सुरू झाला. आता तो बोलेल, म्हणून आण्णासाहेब थोडे पुढं सरकून बसले. पंप चालत राहिला. वारा आला. कुठंतरी धातूचं काही टेकवल्यासारखं वाजलं. परत पंप.

"आवाज बंद आहे काय रे?"

"नाही मामा. निवेदन काढून टाकलंय. लोकांना कळावं म्हणून ते कंपनीनं घातलं होतं म्हणे."

पाठ असलेली वाक्यं आण्णासाहेबांनी मनात म्हणून बघितली, पण ती कुठं ठेवायची ते कळेना. सिनेमा पुढं चालला होता की थांबला होता, हेही कळेना.

"माणूस काय करतोय?"

"इथं शॉट लांबवलाय, मामा. रंगही थोडा थंड केलाय."

"अरे, माणूस काय करतोय?"

"काही नाही. नुसता बसलाय." तेवढ्यात अभिनंदनचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर फाटकापाशी गेला.

पंपाची घरघर उरली. ही खोली त्यांची राहिली नव्हती. ते रिमोट चाचपू लागले.

"राहू दे," राजमती म्हणाली. ती दाराशी शेंगा फोडत बसली होती. टरफलांचा आवाज थांबला. "चहा ओततोय."

"कोण?"

"तुमचा राखणदार. दोन कपांत. एक समोर ठेवला. समोर कोण न्हाय."

"दोन कप? हे नवीन घातलेलं दिसतंय."

"कालच्यातबी हुतं की. तवा त्यो पाण्याचं कायतरी सांगत हुता, म्हणून तुमचं ध्यान नसंल गेलं."

आण्णासाहेबांनी तो सिनेमा नजर होती तेव्हा कितीदा बघितला होता. दुसरा कप त्यांना आठवेना.

"आता उठला. दाराकडं गेला. हात लावला. आला परत." थोड्या वेळानं, "परत गेला."

"बाहेर उजेड आहे?"

"हाय की. मघापासनं तसाच हाय."

"तिथं सहा महिने दिवस मावळत नाही. मग सहा महिने रात्र."

राजमतीनं विचार केला. "म्हंजे आपल्यातला कोण तिथं गेला तर सहा महिने उपाशी."

आण्णासाहेबांना हसू आलं. मग पंपाचा आवाज बदलला, जड झाला.

"भ्यालाय त्यो," राजमती म्हणाली.

"छे. त्याला काही वाटत नाही. पहिल्या डिस्कमध्ये तो स्वतः सांगतो."

"सांगू दे की. तुमीबी सांगतायसाच."

बाहेर अभिनंदन फोनवर कुणाला तरी कन्नडमध्ये पत्ता समजावत होता. आण्णासाहेब तिकडं कान देऊन बसले, जणू पत्ता त्यांनाच हवा होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कशावरून म्हणतेस?"

"दाराला हात लावतोय त्यावरनं. तुमी न्हाणीकडं जाताना भिंतीला लावतायसा तसा. वरवर. कुणी बघितलं तर सहज लावलाय वाटावं म्हणून."

तिचा आवाज शेंगा निवडताना असतो तसाच होता. एक शेंग फुटली, मग दुसरी.

"आता काय करतोय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

तिनं सांगितलं. शेवटपर्यंत ती सांगत राहिली. मधे एकदा चुकली, मागचं पुढं सांगितलं, मग स्वतःच दुरुस्त केलं. शेवटी ते वाक्य आलंच नाही. पंप थांबला.

"संपला?"

"न्हाय. त्यो दुसरा कप उचललाय. पीत न्हाय. धरलाय नुसता."

मग संगीत लागलं.

अभिनंदन आत आला, तेव्हा राजमती ताटं मांडायला उठली होती. त्यानं खोकं पुढं ओढलं. "मामा, ह्या दोन्ही वरच ठेवतो."

"पहिली ने. दुसरी राहू दे. यंत्रबी राहू दे."

"अहो, तुम्हाला पहिलीच तर कळते. दुसरीत कोण बोलतच नाही."

"पहिली मला पाठ आहे."

"आणि मी काय रोज शेंगा टाकून सांगत बसू व्हय?" आतून राजमती म्हणाली.

"रविवारी सांग. कन्नडमध्ये सांगितलंस तरी चालेल."

"चला आता, दिवस कलला."

खिडकीत अजून उजेड होता. आण्णासाहेब उठले. स्वयंपाकघराकडं जाताना त्यांनी भिंतीला हात लावला, सगळा तळवा टेकवून, आणि अंगाचा भार त्यावर टाकत सावकाश पुढं गेले.