तलावावरचा उजेड

मासळीची जाळी उन्हात वाळताना जो उग्र वास सुटतो, तो कुठंही आला की मला लग्नानंतरच्या दुष्काळातली एक संध्याकाळ आठवते. ईट गावाच्या अलीकडं एका तलावाकाठी आमची मच्छीमारांची वस्ती होती. तलाव आटून मधोमध थोडंसं पाणी उरलं होतं, आणि गूळ करायच्या जुन्या काहिलीत बसून आमचे मालक तिथं जाळं ओढत होते. भेगाळलेला गाळ तुडवत मी त्यांना बोलवायला गेले होते. दिवस मावळला होता, तरी एकाएकी पाण्यावर दुधासारखा उजेड पडला. वर पाहिलं, तर परातीसारखं गोल काहीतरी, कसलाही आवाज न करता, बरोब्बर त्यांच्या डोक्यावर थांबलेलं. काठावरची माणसं ओरडत पळाली. मी मात्र पळाले नाही. "अवो, निघा तिथनं!" मी हाका मारत राहिले. त्यांनी जाळं सोडलं, काहिलीत उभे राहिले आणि लेकरू कडेवर घ्या म्हणतं तसे दोन्ही हात वर केले. मग ते गोल येडशीच्या डोंगराकडं सरकलं आणि दिसेनासं झालं. मालक काठावर आले ते रडतच. "लागलं का वो कुठं?" मी विचारलं. "न्हाय," ते म्हणाले, "मला न्हेलं न्हाय गं त्यांनी." पुढं आमचा संसार चारचौघांसारखा झाला, लेकरं झाली. आता ते नाहीत. तलावावर काय आलं होतं, याचे तर्क लोक अजून करतात. नवी नवरी काठावरून हाका मारत असताना त्यांना जावंसं का वाटलं, हे विचारणं मात्र माझ्याच्यानं कधी झालं नाही.