हार घातलेला प्रोसेसर

बायको माहेरी गेली की पुरुष काय काय करतात, याच्या गोष्टी मी कारखान्यात पुष्कळ ऐकल्या आहेत. मी तिच्या कॉम्प्युटरचा वेग वाढवला.

हे लिहितानाही मान खाली जाते, कारण कॉम्प्युटर तिचा होता. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत बसून ती लग्नाच्या फिल्म आणि अल्बम बनवते. कॅमेरावाले शूटिंग आणून देतात. ती कापते, जोडते, रंग नीट करते, गाणी घालते. शेवटी या सगळ्याची एक सलग फिल्म काढायची असते. त्याला एक्स्पोर्ट म्हणतात, आणि त्या वेळी सगळा भार प्रोसेसरवर येतो. हळद, लग्न, वरात अशी लांबलचक फिल्म असली की ती एक्स्पोर्ट लावून स्वयंपाकाला जायची. जेवणं व्हायची, ओटा पुसून व्हायचा, तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच असायची.

कॉम्प्युटर घेताना मीच तिला तो प्रोसेसर घ्यायला लावला होता. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायची मुभा त्यात असते. हे मी तिला सांगितलं नाही. टिकाऊ आहे, एवढंच म्हणालो. टिकाऊ तो होताच. माझं बहुतेक खोटं असं निम्मं खरं असतं, म्हणून ते पकडलं जात नाही आणि पचतही नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन लोकांच्या चुका शोधतो. अशा माणसाने दुसऱ्याच्या यंत्राला न विचारता हात लावणं फार वाईट. पण ती उन्हाळ्यात नामपूरला माहेरी गेली, घर रिकामं झालं आणि तो प्रोसेसर समोर बसून निम्म्या ताकदीने जांभया देतोय असं मला वाटू लागलं.

चोरी केली, पण पद्धतशीर केली. आधी जुना पंखा काढून दणकट कूलर बसवला. प्रोसेसरवरची जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ही पेस्ट प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवते; जास्त थापली तर उलट काम बिघडतं. मग कॉम्प्युटर सुरू होतानाच त्याच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून वेग एक पायरी वाढवला. प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी लावली आणि तापमानाच्या आकड्यासमोर खुर्ची टाकून बसलो. कॉम्प्युटर मध्येच अडकून गोठला नाही, तापला नाही, की पुढची पायरी. व्होल्टेजला शक्यतो हात लावायचा नाही, कारण वेगापेक्षा व्होल्टेजनेच तो जास्त तापतो. आकडा ऐंशीच्या वर गेला तर एक पायरी खाली यायचं, हे मी स्वतःला बजावलं होतं. एका पायरीवर पडदा निळा झाला आणि माझा चेहरा पांढरा. तिथून मुकाट मागे आलो आणि त्याच्याही एक पायरी अलीकडे थांबलो. नाशिकचा एप्रिल, पुढची खोली पश्चिमेची. त्या उन्हात जे टिकलं ते वर्षभर टिकेल असा माझा हिशेब होता.

ती परत आली. कूलर कशासाठी, तर आवाज कमी व्हावा म्हणून, असं मी सांगितलं. आवाज खरंच कमी झाला होता. पहिली फिल्म एक्स्पोर्टला लावून ती आत गेली आणि कुकरच्या शिट्ट्या पुऱ्या व्हायच्या आत मोठं काम उरकल्याची घंटी वाजली. ती हात पुसत बाहेर आली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, माझा हात बसला बघा आता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा इतका खुलला होता की मी म्हणालो, हो, सरावाने होतंच.

इथून पुढे प्रकरण माझ्या हातात राहिलं नाही. आठवड्यात देते म्हणणारी माझी बायको गिऱ्हाइकांना दोन दिवस सांगू लागली. कॅमेरावाले तिची कामं एकमेकांना सांगू लागले. घोटीपासून लोक येऊ लागले. आता वेग कमी केला तर तिचा शब्द मोडणार, आणि तसाच ठेवला तर तिचा शब्द माझ्या चोरीवर उभा. फोनवर कुणाला 'परवा या' म्हणताना ती ऐकू आली की मी उगाच लसूण सोलायला बसायचो. आमच्याकडे त्या पावसाळ्यात सोललेल्या लसणाची कधी कमतरता पडली नाही.

मग दसरा आला आणि नामपूरहून सासूबाई आल्या.

त्या दिवशी संध्याकाळी सिन्नरच्या एका घरी साखरपुडा होता. हॉलमध्ये पडदा लावून मुलामुलीची छोटी फिल्म दाखवायची होती. फिल्म आदल्या दिवशीच तयार होती, पण सकाळी मुलीचा फोन आला. गाणं बदलायचं होतं, मुलाच्या आत्याला ते आवडलं नव्हतं. गाणं बदललं की त्याच्या ठेक्यावर बसवलेली सगळी दृश्यं बदलतात. बायकोने दात ओठ खाऊन सगळं पुन्हा बसवलं आणि एक्स्पोर्ट लावलं. कमी उजेडात चित्रावर उठणारे दाणे काढून टाकायचं जड काम होतं, त्यामुळे माझ्या वेगातसुद्धा दुपार होणार होती. मुलीचा भाऊ दुपारी गाडीवर येऊन पेनड्राइव्ह नेणार होता. त्याच घरातलं डिसेंबरचं लग्न आणि पाठोपाठ दोन चुलतभावांची लग्नं तिला मिळायची होती. आत्याने आज फिल्म पाहिली, तरच.

आणि दसऱ्याला यंत्राला काम द्यायचं नसतं. सासूबाईंच्या घरी त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटार, फवारणीचा पंप, सगळी यंत्रं धुऊनपुसून पूजेला बसतात. ज्या यंत्रावर लेक पोट भरते ते राबताना बघून त्या गप्प बसणं शक्यच नव्हतं. मायलेकींची थोडी वादावादी झाली आणि तोड निघाली: पूजा होईल, पण यंत्र बंद होणार नाही.

सासूबाईंनी पूजा मनापासून केली. कॅबिनेटला हळदकुंकवाची बोटं ओढली. मग हार आणला. तो हार ट्रॅक्टरच्या मापाचा होता. झेंडूची टपोरी फुलं, मध्ये मध्ये आंब्याची पानं. कॅबिनेटला त्याचे तीन वेढे बसले. पुढच्या जाळीवर, जिथून गार हवा आत जाते, एक थर. वरच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते, दुसरा थर. उरलेला कुशीवरून बांधून टाकला, गाठ मारून. मी हात जोडून उभा होतो आणि माझी नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या बारक्या आकड्यावर होती. तो आकडा तापमानाचा आहे हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यांनी उदबत्ती समोर धरली. पुढच्या पंख्याने जाळीच्या उरल्यासुरल्या फटीतून धूर आत ओढला. क्षणभराने तो वरच्या फुलांमधून बारीक बारीक बाहेर आला.

"देखा, देवनी धूप लिधा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. देवाने धूप घेतला होता. ट्रॅक्टरने इतक्या वर्षांत कधी घेतला नव्हता.

आकडा पंच्याऐंशीवर गेला.

हे सगळं टाळता आलं असतं. कॉम्प्युटर चालू असताना वेग कमी करता येईल असा प्रोग्रॅम मिळतो. तो मी टाकला नव्हता, कारण बायकोला दिसला असता. आता वेग उतरवायचा तर कॉम्प्युटर बंद करून सुरू करावा लागणार, म्हणजे एक्स्पोर्ट पहिल्यापासून. लपवण्यासाठी जे जे केलं होतं, ते सगळं एकदम माझ्यासमोर हात जोडून उभं राहिलं.

मी टेबलफॅन आणून कॅबिनेटकडे वळवला. पहिल्या झोतात निरांजन विझलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ते पुन्हा लावलं आणि फॅन स्वतःच्या हाताने भिंतीकडे फिरवला. मग मी म्हणालो, हार जरा सैल केला तर फोटो छान येईल. त्या म्हणाल्या, असाच छान येतोय. मी म्हणालो, लहान यंत्राला लहान हार शोभतो. बायको आतून म्हणाली, तुम्ही कधीपासून हार शोभण्यावर बोलायला लागलात?

आकडा ब्याण्णव. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग पाडतो आणि जळत नाही, हे मला माहीत होतं. पण वाढवलेल्या वेगावर इतक्या उष्णतेत तो त्याआधीच गोठू शकतो, आणि एकदा गोठला की पट्टीवरचा सगळा हिरवा भाग गेला. निळा पडदा मी एकदा पाहिला होता. आज तो माझ्या एकट्याच्या नशिबी आला नसता.

बायको बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. आजची पट्टी हळू सरकतेय का, तिने विचारलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "अहो, होईल ना वेळेत?"

"हार काढला तर होईल," मी म्हणालो. "तुझ्या प्रोसेसरचा वेग मी वाढवून ठेवलाय. तू नामपूरला होतीस तेव्हापासून. तुझा हात बसला, ते मशीनमुळे."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. माझ्या कबुलीजबाबांचं असंच होतं, उघडलेला नळ मला वेळेवर बंद करता येत नाही.

आधी तिने आईकडे पाहिलं. सासूबाईंना सगळं समजलं नव्हतं, पण जावयाचा चेहरा समजला होता.

"त्याले ताप उना का?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो. बराच ताप आलाय आणि हारामुळे हवा लागत नाहीये.

मग आधी नाही का सांगायचं, असं काहीसं पुटपुटत त्या उठल्या. नुसता हार ओढून काढणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी अक्षता घेतल्या, कॅबिनेटवर टाकल्या, पुन्हा यायचं निमंत्रण दिलं आणि रीतीप्रमाणे ते बोटभर सरकवलं. चालू मशीन कुणी सरकवताना बघणं म्हणजे काय, ते मला कारखान्यातसुद्धा कळलं नव्हतं. मग गाठ सोडली. दुपार व्हायच्या आत विसर्जन झालेली आमच्या नात्यातली ती पहिली दसऱ्याची पूजा असेल. जाळीला चिकटलेल्या पाकळ्या मी नखांनी वेचल्या. आकडा आधी घुटमळला, मग भराभर उतरला, आणि चौऱ्याहत्तरवर शहाण्यासारखा बसला.

मुलीचा भाऊ आला तेव्हा पेनड्राइव्ह तयार होता. सासूबाईंनी त्याच्या हातावर सोनं म्हणून आपट्याची पानं ठेवली. आत्याला फिल्म आवडल्याचा फोन रात्री जेवताना आला. मुलीपेक्षा मुलाचे केस चांगले दिसतात, एवढीच तिची तक्रार होती.

फोन ठेवून बायकोने मला पुढच्या खोलीत बोलावलं. मी वेग आधीसारखा करून देतो म्हणालो. ती म्हणाली, अजिबात नाही, डिसेंबरपर्यंतची कामं मी याच हिशेबाने घेतली आहेत. माझ्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही. आणि माझा हात बसलाय, तो बसलाय. एवढं सांगून तिने तो कोपऱ्यातला आकडा उघडायला लावला आणि तो किती झाला की घाबरायचं, ते विचारून घेतलं. मी शिकवणीच घेतली. कूलर, पेस्ट, व्होल्टेज, पायऱ्या, निळा पडदा. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे एक पायरी अजून शिल्लक आहे," ती म्हणाली.

आहे, मी म्हणालो, पण ती मुद्दाम सोडलीय. उन्हाळ्यात झेपणार नाही.

"आणि डिसेंबरात?"

डिसेंबरात आमच्याकडे पहाटे नळाचं गार पाणी हाताला चटके देतं. मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. पण मी आधीच मनात हिशेब करत होतो, की पश्चिमेची खिडकी पहाटे उघडी ठेवली तर आकडा कितीवर येईल.