पाठीवर लेकरू घेतलेली मरियम

दानम्माचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. लातूर वेगळा जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले, तेव्हा ती म्हणाली होती, "पाटी बदलली म्हणून आडाला पाणी लागतंय व्हय?" त्याला चार वर्षं झाली होती. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि टँकर मागायला लोक अजून चुकून उस्मानाबादचीच वाट धरायचे.

उदगीरच्या पुढं, बिदरच्या रस्त्याला लागून ख्रिस्ती लोकांची वीस-बावीस घरं होती आणि मधोमध पत्र्याचं चर्च. नवरा गेल्यापासून चर्चची झाडलोट दानम्माकडं, किल्लीही तिच्याच कमरेला. भिंतीवर गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या येशूची तसबीर होती. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला दानम्माला खपायचं नाही.

फेब्रुवारीत पाळक संगप्पा उदगीरहून एका नर्सबाईला घेऊन आले. रोजगार हमीच्या कामावरच्या लेकरांना हगवण लागली होती, त्यासाठी मिशननं तिला पाठवलं होतं. बाई आफ्रिकेतल्या टांझानियाची. उंच, जांभळासारखी काळी, केस बारीक कापलेले.

"नाव काय म्हणले?" दानम्मानं विचारलं.

"रेहेमा."

"रहिमा? मग ही ख्रिस्ती कशी?"

पाळक हसले आणि चर्चमागची खोली उघडायला सांगून निघून गेले. दानम्मानं खोली उघडली, पण त्या दिवसापासून डोळाही उघडा ठेवला.

रेहेमा नर्सिंग इकडंच शिकलेली, त्यामुळं मोडकं हिंदी बोलायची. तिच्या स्वतःच्या भाषेतही दुनिया, किताब, खबर असे शब्द सापडायचे. दानम्माला ते कळायचे आणि कळतात म्हणूनच भीती वाटायची. एवढ्या लांबच्या बाईच्या तोंडी आपले शब्द आले कुठून? बाई पाणी प्यायच्या आधी तांब्याशी काहीतरी पुटपुटायची. प्रार्थनेला बसली की अंग डोलवायची, टाळ्या वाजवायची. आणि उशाला तिचं एक गाठोडं असायचं, रंगीत कापडात गुंडाळलेलं. ते ती कुणासमोर सोडायची नाही.

एकदा रेहेमा खडीच्या कामावर गेली असताना दानम्मानं झाडायच्या निमित्तानं ते गाठोडं सोडलं. आत काळ्या लाकडाची वीतभर बाई निघाली. जाड ओठ, डोक्यावर घागर, आणि पाठीला फडक्यानं बांधलेलं उघडं लेकरू. लेकराचे डोळे टक्क उघडे.

 दानम्मानं गाठ होती तशी मारली आणि तडक शेजारच्या सुमनबाईचं दार गाठलं. "करणीचं बाहुलं हाय. मी माज्या डोळ्यानं बघितलं."

सुमनबाईच्या तोंडात तीळ भिजेल अशी आशाच नव्हती. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत रेहेमाची घागर कुणीतरी पायानं बाजूला सारली. तिसऱ्या दिवशी एकाही आईनं लेकरू तिच्याकडं आणलं नाही. कुणी म्हणालं, ही आल्यापासून ढग फिरकले नाहीत. ढग त्याच्या आधीही फिरकत नव्हते, पण ते कुणी बोललं नाही. दानम्माही बोलली नाही.

चौथ्या दिवशी पाळक आले. त्यांच्या सांगण्यावरून रेहेमानं गाठोडं सोडून ती लाकडी बाई चर्चमध्ये बाकावर ठेवली. दारात बायामाणसांची गर्दी.

"सिस्टर, ही कोण?" पाळकांनी विचारलं.

"मरियम," रेहेमा म्हणाली. "माझ्या मामानं कोरली. आमच्या चर्चच्या दाराशी अशीच मोठी आहे."

"मरियम अशी न्हाई," दानम्मा मधेच बोलली. "मरियम गोरी हाय. निळ्या कपड्यातली."

"तुम्ही पाहिली, अम्मा?"

कुणीतरी हसलं. दानम्मानं पदर सावरला. "मिशनच्या गोऱ्या सायबानं आणलेल्या चित्रात हाय तशी."

"आमच्याकडं पण साहेबानंच चित्र आणलं," रेहेमा शांतपणे आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "माझी आजी बघून म्हणाली, या बाईनं कधी पाणी वाहिलेलं दिसत नाही, हिला माझं दुःख काय कळणार? मामानं ते ऐकलं आणि मरियमच्या डोक्यावर घागर दिली. बाळ पाठीला बांधलं, आमच्या बाया बांधतात तसं. साहेबानं ढोल बंद केला होता. म्हणाला, ढोलात सैतान असतो. तो गेल्यावर म्हाताऱ्यांनी ढोल परत आणला. आता नाताळात आम्ही नाचत चर्चमध्ये जातो." तिनं भोवती पाहिलं. "तुमच्याकडं काय वाजवतात?"

"पेटी," पाळक म्हणाले.

"आणि साहेब यायच्या आधी?"

 दानम्माच्या डोळ्यांपुढं तिचा बाप आला. दगडोबा म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला हलगीवाला. बाप्तिस्मा झाला आणि त्याचा दावीद झाला, त्याच दिवशी सायबासमोर त्यानं हलगी चुलीत घातली. सहा वर्षांच्या दानम्मानं कातडं तडकताना ऐकलं होतं. पुढं मरेपर्यंत जेवायला बसला की बापाची बोटं ताटाच्या काठावर वाजायची, आणि ध्यानात आलं की तो हात मांडीखाली दाबून धरायचा.

हे ती कुणाला सांगायला गेली नाही. एवढंच म्हणाली, "पाण्याशी काय बोलती ती? तेबी विचारा."

"आभार मानते," रेहेमा म्हणाली. "दुष्काळ आमच्याकडं पण येतो."

पाळकांनी निवाडा दिला, की मूर्ती गाठोड्यात राहील आणि सिस्टर इथंच राहतील. लोक पांगले. दानम्मानं बाकावरची मरियम उचलली, फडक्यात गुंडाळली आणि रेहेमाच्या हातात देताना विचारलं, "रडत न्हाई का लेकरू, असं बांधल्यावर?"

"नाही. आईचं अंग लागतं ना."

दुसऱ्या सकाळी दानम्मा आपल्या नातीला घेऊन रेहेमाच्या दाराशी गेली. पोरीला दोन दिवस जुलाब होत होते. मीठ-साखरेचं पाणी कसं करतात ते तिनं नीट पाहून घेतलं आणि आधी स्वतः पिऊन बघितलं. तिला बघून मग बाकीच्या बायाही आल्या. घागर सारणारीही आली.

आठ महिन्यांनी रेहेमा परत गेली. दानम्मा फाट्यापर्यंत पोचवायला गेली, पण कुणी विचारलंच तर म्हणायची, "बाई चांगली होती. तरी मी शेवटपर्यंत नजर ठिवली होती."

वर्षभरानं पत्र आलं. पाळकांनी ते चर्चच्या पायरीवर बसून वाचून दाखवलं. रेहेमानं लिहिलं होतं, की मामा आता नाताळचा सगळा देखावा कोरतोय. गोठा, मेंढपाळ, मरियम. आणि गोठ्याच्या दाराशी त्यानं एक म्हातारी उभी केलीय, हातात झाडू, कमरेला किल्ली. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती निरखून बघते. तिच्या गावातली पोरं त्या म्हातारीला दानम्माच म्हणतात.

"असंच लिवलंय का," दानम्मानं विचारलं, "का तुमी मनानं सांगायलात?"

"असंच लिहिलंय मावशी."

तिनं कमरेची किल्ली चाचपली. "मंजी मलाबी काळ्याच लाकडात कोरलं असंल."

"त्यांच्याकडं लाकूड तसलंच असतं."

"डोक्यावर पदर हाय का?"

पाळकांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"मग लिवा तिला," दानम्मा म्हणाली. "पदर पायजे म्हणावं. आन् आजच टाका टपालात, नायतर तसंच करून ठिवतील."